नाव एकदाच, नावं जन्मभर

माझ्या धाकट्या भावाला मुलगी झाली. बाराव्या दिवशी नाशिकच्या घरी बारसं केलं. पाळण्याला झेंडूच्या माळा, ताटांत घुगऱ्या आणि सुंठवडा, घरभर बायकांची गर्दी. मी एकुलती एक आत्या, त्यामुळे नाव ठेवण्याचा मान माझा. बाळाच्या कानात ‘कुर्रर्र’ करून नाव सांगितलं, बायकांनी रिवाजाप्रमाणे माझ्या पाठीत धपाटे घातले, हसणंखिदळणं झालं. मग एकेक जण पाळण्यात डोकावू लागली. नाक कुणाचं, जिवणी कुणाची, बोटं कशी लांबसडक आहेत, सगळं झालं. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, “रंग जरा दबलाय, नाही? पण निघेल हळूहळू.”

बारा दिवसांच्या जिवाबद्दल असं बोलणारी ही बाई कोण, असं तुम्ही विचाराल. ती मीच होते.

बायकांचा आत्मविश्वास, न्यूनगंड, व्यक्तिमत्त्व या विषयांवर मी गेली नऊ वर्षं लिहितेय. दुसऱ्यांना शहाणपण शिकवणं हा आमचा धंदाच आहे म्हणा ना! आणि तोंडातून निघालं ते माझ्या आजीचं वाक्य, जसंच्या तसं. ‘नाव ठेवणं’ आणि ‘नावं ठेवणं’ यात मराठीत फक्त एका अनुस्वाराचा फरक. मी पाच मिनिटांत दोन्ही कामं उरकली होती.

मान वर केली तर इंदूरची मावशी माझ्याकडे बघत होती. बोलली काहीच नाही. तिने बाळासाठी मोहरीची उशी शिवून आणली होती, डोकं गोल व्हावं म्हणून. (तान्ह्या बाळाला उशी देऊच नका असं हल्लीचे डॉक्टर सांगतात, त्यामुळे भावजयीने ती कौतुकाने घेतली आणि कपाटात ठेवून दिली.) रात्री पाहुणे गेल्यावर मावशीने मला गच्चीवर बोलावलं. तिथे तिने जे सांगितलं, त्यामुळे मी हा मजकूर लिहायला बसले. तिला विचारूनच लिहितेय. पण ते सांगण्याआधी थोडं मागून यावं लागेल, पार बाळंतिणीच्या खोलीपासून.

घरातला आरसा

आपण चांगले दिसतो की वाईट, हे लहान मुलीला आरसा सांगत नाही. दोन-अडीच वर्षांची पोर आरशासमोर उभी राहते ती जीभ काढून दाखवायला. पोट पुढे काढून ती घरभर पळते. तिच्या लेखी शरीर म्हणजे धावायचं, चढायचं, उड्या मारायचं साधन. ही दिसायची वस्तू आहे आणि तिला लोक गुण देतात, ही बातमी तिला आपण देतो.

तीही वाईट हेतूने नाही. डाळीचं पीठ, साय आणि हळद यांनी बाळाला चोळताना आजी मायेनेच चोळत असते. कणकेच्या गोळ्याने कपाळावरची लव काढते तीही मायेने. पण रंग पिठाने ‘निघत’ नाही. तो आईबापांकडून येतो, त्वचेतल्या मेलॅनिन नावाच्या द्रव्यावर ठरतो. बऱ्याच बाळांचा जन्मतःचा फिका रंग पुढच्या काही महिन्यांत गडद होऊन आपल्या मूळ छटेवर स्थिरावतो. आपल्या उन्हाच्या देशात हे मेलॅनिन म्हणजे कातडीवर धरलेली छत्रीच. इतकं सरळ आहे हे. तरी देव्हाऱ्यातला विठोबा सावळा म्हणून आपण त्याला डोक्यावर घेतो आणि सावळी मुलगी झाली की डाळीच्या पिठाचा डबा काढतो.

पुढे घरात टोपणनावं पडतात. काळी, ढब्बी, नकटी, काडी, बुटकी. लाडाने म्हणतात, कबूल आहे. मुलांनाही चिडवतात, नाही असं नाही. पण मुलाला ‘ढब्बू’ म्हटल्यावर कुणी पुढे म्हणत नाही की याचं लग्न कसं होणार. ‘नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं’ अशी म्हण आहे. नकट्याच्या लग्नावर मात्र म्हण नाही!

शाळेच्या स्नेहसंमेलनात मी तिसरीत असताना कोळीनृत्यात होते. तालमीत पहिल्या रांगेत होते. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी बाईंनी दोन मुलींच्या जागा बदलल्या आणि मी मागे गेले. कारण कुणी सांगितलं नाही. विचारायची गरजही वाटली नाही, कारण आठव्या वर्षी मला ते कळलेलं होतं. आज विचार करताना मागच्या रांगेचं तितकंसं वाटत नाही. वाईट याचं वाटतं की मला आश्चर्यही वाटलं नव्हतं.

एका तोंडाच्या दोन आज्ञा

मुलगी अकरा-बारा वर्षांची झाली की घरात तिला दोन आज्ञा मिळू लागतात. पहिली : “पाठ सरळ ठेवून चाल, कुबड काढू नकोस.” दुसरी : “ओढणी नीट घे, सगळ्यांसमोर अशी काय उभी राहतेस?” दोन्ही पाळायच्या तर शरीराने नेमकं काय करायचं? ती मधला मार्ग काढते. खांदे पुढे घेते, दप्तर किंवा वही छातीशी धरते आणि खाली बघून चालते. आपल्याकडच्या कितीतरी बायका पन्नाशीतही तशाच चालतात. हातात दप्तराऐवजी पर्स असते, एवढाच फरक.

पाळी सुरू होण्याच्या आगेमागे मुलीचं वजन वाढतं, मांड्या आणि नितंब भरतात. शरीराची ती गरज असते. नेमकं तेव्हाच घरात कुणीतरी म्हणतं, “फार सुटली आहेस, जरा भात कमी कर.” मुलगी भात कमी करते, मग सकाळचा डबा कमी करते, मग दूध सोडते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे 2019 ते 2021 या काळातले आकडे बघा. 15 ते 19 वयाच्या मुलींपैकी 59 टक्के मुलींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी. कारणं अनेक आहेत, गरिबी आहे, पालेभाज्या आणि डाळी कमी पडणं आहे. पण जिथे ताटात वाढायला आहे, तिथेही मुलगी ताटावरून उठते तेव्हा ते कुणाच्या तरी शब्दांमुळे असू शकतं. आईने तिच्या कमरेकडे पाहण्यापेक्षा डोळ्यांची खालची पापणी खाली ओढून पाहावी आणि रक्त तपासून घ्यावं. पापणीची आतली बाजू फिकट दिसली, जिना चढताना धाप लागली, अभ्यासात लक्ष लागेनासं झालं, तर तो आळस नसतो.

आपल्याला असं वाटतं की बारीक व्हायची हौस मुलींना उपजतच असते. तसं नाही. प्रशांत महासागरात फिजी नावाचा द्वीपसमूह आहे. तिथे भरलेलं, धडधाकट शरीर चांगलं मानायची रीत होती. पाहुण्याला आग्रहाने जेवू घालायचं, कुणी वाळलं तर काळजी करायची, अगदी आपल्यासारखं. तिथल्या नाद्रोगा भागात 1995 मध्ये टीव्ही आला. अ‍ॅन बेकर या अमेरिकी संशोधिकेने तेव्हा आणि पुन्हा 1998 मध्ये शाळकरी मुलींची पाहणी केली. वजन उतरावं म्हणून मुद्दाम उलट्या काढणारी एकही मुलगी 1995 मध्ये सापडली नव्हती. तीन वर्षांनी असं करणाऱ्या 11 टक्क्यांहून जास्त निघाल्या. मुलींची शरीरं तीच होती. समोरचं चित्र बदललं होतं.

आता ते चित्र दिवाणखान्यातल्या टीव्हीत राहिलेलं नाही, मुलीच्या उशाशी असलेल्या फोनमध्ये आलंय. त्यात मैत्रिणींचेच चेहरे असतात, पण हनुवटी टोकदार केलेले आणि डाग पुसलेले. इन्स्टाग्राम चालवणाऱ्या कंपनीचे अंतर्गत अहवाल 2021 मध्ये अमेरिकेत वर्तमानपत्रांतून बाहेर आले. दर तीन किशोरवयीन मुलींपैकी एकीच्या मनातली स्वतःच्या शरीराबद्दलची नाराजी आपल्यामुळे वाढते, असं कंपनीच्याच लोकांनी त्यात लिहून ठेवलं होतं. फोन काढून घेणं हा उपाय घराघरांत करून झालाय आणि फसलाय. मुलीच्या शेजारी बसून तो फोटो कसा बनतो ते तिच्याकडूनच शिकून घ्या. माझ्या भाचीने मला दहा मिनिटांत माझ्या चेहऱ्याची वीस वर्षं कमी करून दाखवली. आम्ही दोघी इतक्या हसलो की पुढे तो फोटो कुणाला पाठवायचं धाडस झालं नाही.

मलम आणि लग्न

ही भाची चुलत बहिणीची मुलगी. पुण्यात शिकते, वसतिगृहात राहते. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत आली तेव्हा तिच्या गालांवर लाल चट्टे होते, उन्हात गेली की आग व्हायची आणि हनुवटीवर केस दिसू लागले होते. खोदून विचारल्यावर बॅगेतून एक छोटी ट्यूब निघाली. खोलीतल्या मैत्रिणीने सांगितलं, औषधांच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलं, सात-आठ दिवसांत चेहरा खरंच उजळला. मग लावणं थांबवलं की चेहरा लाल व्हायचा, म्हणून ती लावतच राहिली. आठ महिने!

त्वचारोगतज्ज्ञांना हा प्रकार नवा नाही. खाज, इसब यांच्यासाठी असलेली स्टिरॉइडची मलमं गोरं होण्यासाठी चेहऱ्यावर लावली जातात. सुरुवातीला फरक दिसतो, मग कातडी पातळ होते, रक्तवाहिन्या दिसायला लागतात, मुरुम आणि लव वाढते. सोडलं की उसळी मारून येतं. 2018 मध्ये केंद्र सरकारने अशी 14 स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत अशा यादीत घातली. यादीत घातली म्हणजे दुकानात मिळेनाशी झाली असं नव्हे, हे भाचीच्या बॅगेने दाखवलंच.

दुसरा धोका पाऱ्याचा. ज्यावर धड कारखान्याचं नाव नाही, अशा काही गोरेपणाच्या क्रीममध्ये पारा असतो. तो कातडीतून शरीरात जातो आणि मूत्रपिंडावर घाला घालतो. केरळमध्ये मलप्पुरम जिल्ह्यातल्या कोट्टक्कल इथे 2021 ते 2023 या काळात डॉक्टरांना मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे रुग्ण वाढलेले दिसले. चौकशी केली तर त्यांतले बरेच जण अशी क्रीम लावत होते. बहुतेकांना ती बंद केल्यावर बरं वाटू लागलं. लघवीला फेस येतोय, पायांवर सूज आहे आणि घरात असली डबी आहे, तर डॉक्टरांकडे जाताना ती डबी बरोबर न्या.

भाचीला बरं व्हायला वर्षभर लागलं. तिला रागावताना बहीण म्हणाली, “तुला कुणी सांगितलं होतं गोरं व्हायला?” मी गप्प बसले, कारण त्या घरात भाचीच्या लहानपणापासून चहाचं दूध तिला मिळत आलंय, चहा नाही. चहाने काळं होतं म्हणून.

आमच्यासारख्या साप्ताहिकांनीही हात झटकायला नकोत. नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्याकडे लग्नसराईच्या अंकासाठी ‘महिनाभरात उजळ कांती’ असा लेख आला होता आणि मी तो उत्साहाने लिहिला होता. काकडी, मसूर, संत्र्याची साल. निरुपद्रवी सगळं. पण ‘उजळ’ हा शब्द मीच वापरला होता आणि त्याला ‘सुंदर’च्या जागी बसवलं होतं.

बाजार थोडा सुधारला, निदान भाषेपुरता. ‘फेअर अँड लव्हली’ 1975 मध्ये आलं. सावळी मुलगी उदास, क्रीम लावल्यावर नोकरी आणि नवरा दोन्ही हजर, अशा जाहिराती बघत माझी पिढी वाढली. चेन्नईच्या एका संस्थेने 2009 मध्ये काळ्यासावळ्या रंगाच्या बाजूने मोहीम काढली, पुढे अभिनेत्री नंदिता दास तिच्यात उतरली. 2014 मध्ये जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन परिषदेने नियम केला, की रंगामुळे माणूस दुःखी, अपयशी किंवा कमी प्रतीचा दाखवायचा नाही. 2020 मध्ये त्या क्रीमच्या नावातला ‘फेअर’ गेला आणि त्याच वर्षी एका मोठ्या विवाहस्थळाने संगणकावर वधू शोधताना रंग निवडायची सोय काढून टाकली. ‘गव्हाळ’, ‘निमगोरी’ हे शब्द मात्र बायोडाटात अजून आहेत. आणि मुलगी बघायला आलेल्या मंडळींना कोण आवरणार? ‘चालून दाखव’ आता कुणी म्हणत नाही. आता म्हणतात, “चला, आपण सगळेच जरा बाहेर फेरी मारून येऊ!” मुलीची उंची आणि चाल बघून होतेच.

इथे मला स्मिता पाटीलची आठवण येते. सत्तरच्या दशकात मुंबई दूरदर्शनवर ती मराठी बातम्या द्यायची. सावळा रंग, मोठे डोळे, चेहऱ्यावर काही लपवायचा प्रयत्न नाही. पुढे ‘भूमिका’ आणि ‘चक्र’साठी तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाले, 1985 मध्ये पद्मश्री. 1986 मध्ये अवघ्या एकतिसाव्या वर्षी ती गेली. माझी आई म्हणते की तिला पडद्यावर पाहून पहिल्यांदा वाटलं, आपल्यासारखी बाई अशी मान ताठ ठेवून लोकांकडे बघू शकते. आईने मात्र मला लहानपणी डाळीचं पीठच लावलं. कौतुक पडद्यापुरतं आणि भीती घरच्यासाठी, असं असतं खरं!

मधली वर्षं

बाळंतपणानंतर बाईच्या शरीराकडे कुणाचं लक्ष नसतं, फक्त तिच्या पोटाच्या घेराकडे असतं. पोटावरच्या रेघा जात नाहीत, कालांतराने फिकट होतात. तेलाने त्या पुसल्या जातात असं सांगणाऱ्यांना पैसे देऊ नका. गालांवरचा वांग बऱ्याचदा गरोदरपणातला असतो, तो आपोआप कमी होऊ शकतो, उन्हापासून सांभाळावं लागतं. सव्वा महिन्यात ‘पूर्वीसारखी’ झालेली नटी बघून स्वतःला दोष देण्याआधी तिच्याकडे किती माणसं कामाला आहेत ते मोजा.

बहुतेकींची पाळी पंचेचाळीस ते पन्नासच्या आसपास थांबते. चरबी पोटाकडे सरकते, हाडं ठिसूळ व्हायला लागतात, झोप उडते, घाम फुटतो. या वयात बाईला ऐकू येतं, “आता कुणासाठी नटायचं?” आणि नटली तर, “या वयात शोभतं का?” म्हणजे पुन्हा एका तोंडाच्या दोन आज्ञा. बारा वर्षांच्या मुलीसारखंच तिचंही होतं, ती खांदे पुढे घेते. फरक एवढाच की आता पाठीच्या मणक्यातही दम राहिलेला नसतो. चालणं, थोडं वजन उचलण्याचा व्यायाम, दूध-नाचणी, सकाळचं ऊन यांची गरज तेव्हा सर्वांत जास्त असते. पण ट्रॅकसूट घालून बागेत जायची लाज वाटते, म्हणून कितीतरी जणी घरातच फेऱ्या मारतात. लाज इथवर पुरते.

गच्चीवर

मावशी आता सहासष्टची आहे. लग्न होऊन इंदूरला गेली ती तिथलीच झाली. बोलण्यात अधूनमधून हिंदी येतं. पोह्यांवर शेव आणि डाळिंबाचे दाणे घातल्याशिवाय तिला ते पोहे वाटत नाहीत. लहानपणी ती लवकर भरली. अकराव्या वर्षी तिच्या काकूने सगळ्यांच्या देखत तिला आत पाठवलं, “जा, काहीतरी घालून ये अंगावर.” तेव्हापासून तिने आत दोन-दोन पेटीकोट घातले. उन्हाळ्यातही. अंघोळ अंधाऱ्या न्हाणीत, कपडे बदलायचे ते पाठ करून. लग्न झालं, दोन मुलं झाली. “तुला खरं सांगू? मी स्वतःला कधी बघितलंच नाही,” ती म्हणाली. “माझं अंग म्हणजे झाकायची वस्तू, एवढंच मला शिकवलेलं. झाकलेल्या वस्तूला काय झालंय हे कळणार कसं?”

एकसष्टाव्या वर्षी साबण लावताना हाताला गाठ लागली. वाटाण्याएवढी. दुखत नव्हती. तिने कुणाला सांगितलं नाही. आठ महिने! मरणाची भीती होती का, असं मी विचारलं. “मरणाचं नंतर आलं गं मनात. आधी आलं ते हे, की डॉक्टरला दाखवावं लागेल.”

शेवटी सुनेच्या लक्षात आलं. मावशी एका हाताने पदर धरून बसायची आणि दुसऱ्या हाताने तीच जागा चाचपायची. सून तिला घेऊन गेली. एक स्तन काढावा लागला, मग औषधांच्या फेऱ्या, केस गेले, परत आले. आता पाच वर्षं झाली. ती ठीक आहे. पण डॉक्टर म्हणाले होते ते वाक्य तिने मला दोनदा सांगितलं : लवकर आला असता तर इतकं करावं लागलं नसतं.

भारतातल्या स्त्रियांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग स्तनांचाच आहे. प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते, बहुतेक नसतातच. पण न दुखणारी गाठ म्हणून सोडून द्यायची नसते, कारण सुरुवातीला ती बहुधा दुखत नाही. कातडीवर खळी पडली, संत्र्याच्या सालीसारखी खरबरीत झाली, बोंड आत ओढलं गेलं, त्यातून रक्त किंवा पाणी आलं, तर पुढच्या पाळीची वाट बघू नका. पाळी येणाऱ्यांनी पाळी संपल्यावर चार-पाच दिवसांनी, पाळी थांबलेल्यांनी महिन्यातली एक तारीख ठरवून, आरशासमोर उजेडात उभं राहून बघावं. उजेडात, हे महत्त्वाचं.

यासाठी फार मोठी यंत्रं लागतात असंही नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने 1998 मध्ये मुंबईतल्या वस्त्यांमध्ये एक काम सुरू केलं. दीड लाखाहून जास्त बायका, वय 35 ते 64. त्यांतल्या निम्म्या वस्त्यांमध्ये प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी जाऊन हातांनी स्तनांची तपासणी करायच्या. त्या डॉक्टर नव्हत्या, बायकांशी बायकांच्या भाषेत बोलणाऱ्या बायका होत्या. वीस वर्षांचे निष्कर्ष 2021 मध्ये प्रसिद्ध झाले. पन्नाशीच्या पुढच्या बायकांमध्ये स्तनांच्या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी कमी झाले होते. हातांनी तपासून! मात्र त्यासाठी बाईने पदर बाजूला करायला हवा आणि तो करताना तिला आपलं शरीर आपलं वाटायला हवं.

गच्चीवर बराच वेळ आम्ही बसलो होतो. खाली बाळ रडलं, गप्प झालं. मावशी म्हणाली, “तू त्या पोरीचा रंग निघेल म्हणालीस. तिचं वजन किती वाढलं ते विचारलंस का?”

नव्हतं विचारलं. तिथे पन्नासएक बायका होत्या, कुणीच विचारलं नव्हतं.

सकाळी भावजयीला विचारलं. जन्मताना 2 किलो 800 ग्रॅम होतं, पहिल्या आठवड्यात सगळ्या बाळांचं उतरतं तसं थोडं उतरलं आणि आता भरून निघून 2 किलो 900 झालंय. दूध नीट ओढते, दिवसातून सात-आठ दुपटी ओली करते. हे सांगताना भावजयीचा चेहरा असा खुलला, की बारशाच्या दिवशीही तसा नव्हता. बारा दिवस तिने रात्रीचा दिवस करून त्या पोरीला वाढवलं होतं आणि कुणीतरी पहिल्यांदा नेमकं तेच विचारलं होतं.

मावशी स्वयंपाकघरात ओट्यापाशी पोहे निवडत बसली होती. आई, भावजय, शेजारच्या दोघी, सगळ्या तिथेच होत्या. भावजयीने कपाटातून मोहरीची उशी आणली आणि जरा ओशाळून म्हणाली, “मावशी, इतकी छान शिवलीत, पण डॉक्टर बाळाला उशी नको म्हणतात. तुम्ही रागावणार नाही ना?”

“रागवायचं काय त्यात? आण इकडे.” मावशीने उशी हातात घेऊन तोलून बघितली. मग सगळ्यांच्या देखत, आवाज अजिबात न उतरवता म्हणाली, “ऑपरेशन झाल्यावर मी ब्लाउजमध्ये कापूस घालून बघितला. फार हलका. तो बाजू वर चढायची आणि खांदा दुखायचा. मग मऊ धोतराची पिशवी शिवली आणि त्यात मोहरी भरली. दोन्ही बाजू बरोबर तोलतात. ही मोहरी नवी आहे, बारीक आहे. माझी जुनी झालीच होती. बरं झालं तू परत केलीस.”

क्षणभर कुणालाच काय करावं कळेना. मग आईला हसू फुटलं, तिच्यामागून शेजारच्या काकूंना, मग आम्हा सगळ्यांनाच. मावशी तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होती. आमच्या आवाजाने पाळण्यातली पोर जागी झाली आणि भावजय धावली.